आधी पोरांची वाटी, मग डेअरीची किटली: मुलांच्या खाऊतल्या दूधदुभत्याचा खर्च

संध्याकाळी सहाच्या सुमारास भोर-महाड रस्त्यावरच्या एखाद्या गावात, निगुडघरला म्हणा की हिर्डोशीला, थोडा वेळ उभं राहून बघा. डेअरीच्या दारात किटल्या घेऊन माणसं आलेली असतात आणि शेजारच्या टपरीवर पाच-दहाची नाणी मुठीत धरलेली पोरं. घरातलं दूध बाहेर चाललेलं असतं आणि बाहेरची पुडी घरात येत असते. ज्या गोठ्यात दोन दुभती जनावरं आहेत, त्याच घरातलं पोर सकाळी चहात बिस्कीट बुडवून शाळेची वाट धरतं. हे बघून मला फार वाईट वाटतं. यात कुणा आईबापाचा हलगर्जीपणा नाही. भाताचा पैसा वर्षातून एकदा येतो. दर दहा दिवसांनी हातात रोख देणारं दुसरं काहीच या डोंगरात नाही, म्हणून दूध म्हणजे पैसा झालं आणि पैसा कुणी पोराच्या वाटीत ओतत नाही. पण वाटीभर दूध मागे ठेवलं तर नेमका किती पैसा जातो, हा हिशोब फारशा घरांत कुणी मांडलेला नसतो. तो इथे मांडते. सोबत भोर शहरात, नसरापूर-कापूरहोळला किंवा वेल्ह्यात, ज्याला आता राजगड तालुका म्हणायचं, दूध विकत घेणाऱ्यांसाठीही आकडे देते.

दर गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात. त्यामुळे पुढचा सगळा हिशोब मी तीन आकड्यांवर बांधला आहे. गायीचं विकतचं दूध, मग ते पिशवीचं असो की रतिबाचं, ६० रुपये लिटर. म्हशीचं ७५ रुपये. आणि डेअरीला घातलेल्या गायीच्या दुधाचे हातात पडणारे ३५ रुपये. हा शेवटचा आकडा सरकारी हिशोबातून घेतला आहे. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या (एसएनएफ म्हणजे स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) दुधाला खरेदीदाराने २८ रुपये द्यायचे आणि वर ७ रुपये अनुदान, असं राज्य सरकारनं ठरवलं होतं. फॅट कमी लागली की दर कापला जातो, अनुदान रखडतं, हे डेअरीला दूध घालणाऱ्याला मी सांगायला नको. तुमचा आकडा वेगळा असेल तर तो घाला, रीत तीच राहील.

वाटीभर दुधाची किंमत

वाटी म्हणजे १५० मिलिलिटर धरू. आपल्या घरातली आमटीची मोठी वाटी साधारण एवढी असते. विकतच्या दुधाची ही वाटी पडते ९ रुपयांना. गोठ्यातल्या दुधाची पडते सव्वापाच रुपयांना, कारण तेवढंच डेअरीकडून मिळायचं राहतं.

दोन मुलं असलेलं घर घ्या. रोज दोन वाट्या, म्हणजे ३०० मिलिलिटर. दहा दिवसांत तीन लिटर. दहा दिवसांच्या बिलातून १०५ रुपये कमी होतील. आता दुसरी बाजू. दोन मुलांना रोज दहा रुपयांची एकेक पुडी दिली तर दहा दिवसांत दुकानाच्या वहीवर २०० रुपये चढतात. वहीवर चढलेले पैसे बिलातूनच फिटतात, पण ते दहा-दहा रुपयांनी गेल्यामुळे जाणवत नाहीत. बिलातले १०५ मात्र लगेच डोळ्यात येतात. म्हणून माझी पहिली विनंती अशी की धार काढल्यावर दूध मापायच्या आधीच पोरांचं दूध वेगळ्या भांड्यात काढा. किटली भरल्यावर ‘उरलं तर ठेवू’ म्हटलं तर उरत नाही.

या वाटीत काय असतं? गायीच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि तीन ग्रॅमच्या वर थोडी प्रथिनं असतात. म्हणजे वाटीत १८० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि साधारण पाच ग्रॅम प्रथिनं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, सात ते नऊ वर्षांत ६५०, दहा ते बारा वर्षांत ८५० आणि तेरा ते पंधरा वर्षांत १,००० मिलिग्रॅम. तिसरीतल्या मुलाला त्या एका वाटीतून दिवसाच्या गरजेचा पाव हिस्सा आणि वर थोडं मिळतं. त्याच वयात प्रथिनं सुमारे २३ ग्रॅम लागतात. शाळेतल्या दुपारच्या जेवणात पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा सरकारी निकष आहे, पण त्या निकषात दुधाचा वाटा नाही. शाळेतली खिचडी-आमटी आणि घरातली ही वाटी मिळून तेवीसपैकी सतरा ग्रॅम होतात आणि उरलेली सहज भाकरी-डाळीतून येतात.

दहा-बारा वर्षांनंतर आकडा एकदम चढतो ते लक्षात घ्या. हाडं भराभर लांबायला लागतात ते हेच वय. आणि नेमक्या याच वयात, विशेषतः मुलींच्या ताटातलं दूध बंद होतं, ‘आता काय लहान आहे का’ म्हणून. सातवी-आठवीतल्या मुलीला खरं तर एक वाटी पुरत नाही, तिला दीड ते दोन लागतात.

दुधानं उंची वाढते का, हा प्रश्न प्रत्येक आई विचारते. १९३० मध्ये स्कॉटलंडच्या लॅनार्कशायर परगण्यात वीस हजार शाळकरी मुलांवर चार महिने प्रयोग झाला. निम्म्यांना रोज पाऊण पाइंट, म्हणजे सव्वाचारशे मिलिलिटरच्या आसपास दूध मिळालं, निम्म्यांना नाही. दूध घेणारी मुलं थोडी जास्त वाढली, पण पुढे लक्षात आलं की कनवाळू शिक्षकांनी अशक्त मुलांना दुधाच्या गटात घातलं होतं, त्यामुळे दोन्ही गट सारखे उरलेच नव्हते. किती वाढ दुधामुळे, हे त्या प्रयोगातून नीट सांगता येईना. मला त्या शिक्षकांचं मन कळतं. पण आपण घ्यायचं ते एवढंच की जिथे ताट अपुरं आहे तिथे दूध कमतरता भरून काढतं. उंचीचा मोठा भाग आईबापांकडून येतो. चार महिन्यांत चार इंच वाढवण्याचं आश्वासन देणारा डबा कुणी विकत असेल तर तो घेऊ नका.

दही लावा, विकत आणू नका

नुसतं दूध प्यायला पोरं कुरकुर करतात. दह्याला सहसा नाही म्हणत नाहीत. एक लिटर दुधाचं जवळपास किलोभर दही होतं. चुलीचं किंवा गॅसचं जळण धरून १०० ग्रॅम दही साडेसहा रुपयांत पडतं, घरचं दूध असेल तर चार रुपयांत. दुकानात ८० ते १०० ग्रॅमचा कप घेताना त्यावरची किंमत आणि वजन दोन्ही वाचा आणि शंभर ग्रॅमला काय पडतं ते काढा. बहुतेक वेळा घरच्या दह्याच्या दुप्पट निघेल. फळांच्या चवीचं दही त्याहून महाग आणि त्यात साखर असते.

वेल्ह्याकडे थंडीत दही लागत नाही अशी तक्रार ऐकू येते. दूध कोमट असतानाच विरजण घालायचं, नेहमीपेक्षा चमचाभर जास्त, आणि भांडं घोंगडीत गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवायचं. पिठाच्या डब्यात खोचून ठेवलं तरी चालतं. सकाळी अदमुरं दही तयार. मुलांना हेच आवडतं, आंबट झालेलं नाही.

डब्यातल्या दहीभाताची एक जुनी युक्ती आहे, ती आजही उपयोगी पडते. सकाळी मऊ भातात १०० मिलिलिटर कोमट दूध घालायचं आणि दही फक्त एक चमचा. एक वाजता डबा उघडेपर्यंत दही लागलेलं असतं आणि आंबूसपणा आलेला नसतो. आपल्या मावळातल्या आंबेमोहोर किंवा इंद्रायणीच्या भाताला ही गोष्ट फार शोभते, कारण तो मुळात मऊ शिजतो. सगळा खर्च दहा रुपयांच्या आत.

पोह्यांचंही तसंच. ४० ग्रॅम पोहे अडीच रुपयांचे, १०० ग्रॅम दही साडेसहाचं, फोडणीचा रुपया. दहा रुपयांत दहीपोह्यांची भरलेली ताटली होते.

ताक फुकट घालवू नका

रायरेश्वराच्या पठारावर किंवा राजगडावर सुट्टीच्या दिवशी गेलात तर वाटेत ताक-दही विकणारी माणसं भेटतात. शहरी ट्रेकर पैसे मोजून ग्लासभर ताक पितो आणि ताजातवाना होतो. पायथ्याच्या गावात मात्र ताक म्हणजे उरलेलं, गरिबाचं, असा समज अजून आहे आणि पोरांना तूप घालता आलं नाही याची खंत.

तुपात कॅल्शियम नसतं आणि प्रथिनंही नसतात. ती लोणी काढल्यावर ताकात राहतात. तुपानं अंगात उष्मांक जातात, वाळलेल्या पोराला त्याचा उपयोग होतोच, पण हाडांसाठी लागणारं सगळं ताकाच्या भांड्यात असतं. पूर्वी तूप बाजारात जायचं आणि ताक घरात राहायचं, तेव्हा नकळत पोरांच्या वाट्याला चांगलाच भाग येत होता. तमिळनाडूतल्या कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत डॉ. अ‍ॅक्रॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या दशकात वसतिगृहातल्या मुलांच्या साध्या भाताच्या जेवणाला साय काढलेल्या दुधाची पावडर जोडली, तेव्हा त्या मुलांची उंची आणि वजन इतरांपेक्षा जास्त वाढलं. साय काढलेलं दूध होतं ते, म्हणजे तूप-लोण्याचा अंशही जवळपास नाही. हीच प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली आणि राष्ट्रीय पोषण संस्था झाली.

फक्त ताक किती पातळ करता ते बघा. १०० ग्रॅम दह्यात दोन ग्लास ताक केलं तर एका ग्लासात साठ-सत्तर मिलिग्रॅम कॅल्शियम. त्याच दह्याचे पाच ग्लास केले तर ते चवीचं पाणी झालं. मुलाच्या खाऊत ताक धरायचं असेल तर दाट दोन ग्लास धरा.

पातळ दुधाबद्दल आणखी एक. पिशवीवर ‘टोन्ड’ लिहिलेलं दूध कमअस्सल असतं असं समजून काही आया महागाची पिशवी नेतात. टोन्ड दुधात किमान ३ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ असतं, गायीच्या दुधाचा कायदेशीर किमान आकडा ३.२ आणि ८.३ आहे. फरक नगण्य. फुल क्रीममध्ये फॅट सहा टक्के, पण कॅल्शियमसाठी त्यावर जास्त पैसे घालण्याचं कारण नाही. पोर फारच बारीक असेल आणि उष्मांक हवे असतील तरच फुल क्रीम किंवा म्हशीचं घ्या.

पनीर: भावच खरं-खोटं सांगतो

लग्नाकार्यात आणि ढाब्यावर खाऊन पोरांना पनीरची चटक लागली आहे. चांगलं आहे ते. ३० ग्रॅम खऱ्या पनीरमध्ये सुमारे १४० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि पाच-सहा ग्रॅम प्रथिनं असतात. पोळीत कुस्करून, मीठ-जिरं घालून गुंडाळी केली की डबा रिकामा येतो.

पण पनीर विकत घेण्याआधी एक गुणाकार करा. एक लिटर गायीच्या दुधातून साधारण १६० ग्रॅम पनीर निघतं, म्हशीच्या दुधातून २१० ग्रॅमच्या आसपास. वरच्या दरानं घरचं पनीर गायीच्या दुधाचं ३७५ रुपये किलो पडतं, म्हशीच्या दुधाचं ३५७. मोठा डेअरीवाला दूध स्वस्तात घेतो, तरी त्याला म्हशीचं दूध ५० रुपये लिटरनं पडलं असं धरलं तर नुसत्या दुधाचा खर्चच किलोमागे २३८ रुपये होतो. त्यावर मजुरी, इंधन, वाहतूक, दुकानदाराचा नफा. मग बाजारात कुणी २०० रुपये किलोनं सुटं पनीर देत असेल तर त्यात दुधाशिवाय दुसरं काहीतरी आहे, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. बहुतेक वेळा ते वनस्पती तेल आणि पावडरीपासून केलेलं असतं. असा पदार्थ विकायला बंदी नाही, पण तो पनीर म्हणून विकता येत नाही, वेष्टनावर तसं स्पष्ट लिहावं लागतं. सुट्यावर वेष्टनच नसतं, तिथेच फसगत होते.

पिष्टाची भेसळ घरी कळते. पनीरचा तुकडा पाण्यात उकळा, गार होऊ द्या, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. निळा रंग आला तर त्यात स्टार्च आहे. तेलाची भेसळ मात्र या परीक्षेत सापडत नाही, म्हणून भावाचा हिशोब जास्त भरवशाचा.

आठवड्यातून एकदा घरीच करायचं झालं तर अर्धा लिटर दूध, लिंबू आणि स्वच्छ फडकं एवढंच लागतं. तीस रुपयांत ८० ग्रॅम, म्हणजे दोन मुलांचे डबे होऊन थोडं उरतं. निथळलेलं हिरवट पाणी कणीक मळायला वापरा, त्यातही सत्त्व असतं.

नाचणी आणि दूध

भोर-वेल्ह्याच्या उतारांवर नाचणी आणि वरी पिढ्यान्‌पिढ्या पिकत आली आहे, आणि शहरातली माणसं आता तीच नाचणी पाकिटातून महाग विकत घेतात. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, धान्यांमध्ये एवढं दुसऱ्या कशात नाही. वाटीभर दुधात तीन चमचे भाजलेलं नाचणीचं पीठ आणि गुळाचा खडा घालून खीर केली तर २३० मिलिग्रॅमपर्यंत जाते. खर्च विकतच्या दुधाचे नऊ, पिठाचा एक, गुळाचे साठ पैसे. गूळ खीर उतरवून कोमट झाल्यावर घाला, नाहीतर दूध फाटतं. पावसाळ्यात दुपारी शाळेतून ओलं होऊन आलेल्या मुलाला यापेक्षा चांगलं काय द्यायचं, मला सुचत नाही.

आठवड्याचं बिल

एका मुलाच्या एका आठवड्याच्या खाऊचा अंदाज असा. सोमवारी नाचणीची खीर ११ रुपये. मंगळवारी दहीपोहे १०. बुधवारी दाट ताक आणि अर्धं थालीपीठ ११. गुरुवारी पोळीत पनीर १४. शुक्रवारी वाटीभर दूध आणि केळं १४. शनिवारी दहीभात १०. रविवारी शेंगदाणा-गुळाचा लाडू आणि थोडं दूध १०. एकूण ८० रुपये, महिन्याला साडेतीनशेच्या आत. घरचं दूध असेल तर हाच आठवडा ५७ रुपयांत बसतो, महिना अडीचशेत.

रोज दहाची पुडी आणली तर आठवड्याचे ७० होतात. विकत दूध घेणाऱ्या घराला माझा आठवडा दहा रुपयांनी महाग आहे, हे लपवत नाही. ते दहा रुपयेही जड जात असतील तर पनीर आणि केळं काढून तिथे दहीपोहे आणि दहीभात घाला, ७२ वर येतं.

चहाचं काय? पोरांच्या कपात दूध तीस-चाळीस मिलिलिटर, म्हणजे कॅल्शियम चाळीस-पन्नास मिलिग्रॅमच्या पुढे जात नाही, साखर दोन चमचे, आणि चहातली टॅनिन्स अन्नातलं लोह अंगी लागू देत नाहीत. एकदम बंद केला तर घरात रडारड होते. आधी कपात चहा निम्मा आणि दूध निम्मं करा, पंधरा दिवसांनी चहापत्ती काढून सुंठ-वेलची ठेवा. कप तोच, वास जवळपास तोच.

दुकानातलं काय घ्यावं

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. पाकीटबंद पनीर आणि टेट्रापॅकमधल्या दुधावरचा कर शून्य झाला, चीज, लोणी आणि तुपावरचा १२ टक्क्यांवरून ५ वर आला. त्याच दिवशी बिस्किटं, चॉकलेट आणि फरसाणही स्वस्त झालं, त्यामुळे टपरीचा मोह काही कमी झालेला नाही.

चीजचा २० ग्रॅमचा एक स्लाइस चौदा-पंधरा रुपयांना पडत असेल तर त्यात दीड वाटीहून जास्त दूध विकत येतं. चीजमध्ये कॅल्शियम भरपूर, पण मीठही तसंच. वाढदिवसाला, पाहुण्यांत ठीक. बाटलीबंद चवीचं दूध आणि लस्सी घेताना मागच्या बाजूला ‘अ‍ॅडेड शुगर’ची ओळ शोधा, बारीक अक्षरात असते. गारेगार घेताना वेष्टनावर ‘आइस्क्रीम’ लिहिलंय की ‘फ्रोझन डेझर्ट’ ते बघा. दुसऱ्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असतं.

दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींवर माझं स्पष्ट मत आहे. त्यांची गरज नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन विक्रेत्यांना कळवलं की अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या गटात दाखवू नका, कारण अन्नसुरक्षा कायद्यात तसा गटच नाही. त्या डब्याच्या पैशात महिन्याचं बरंच दूध येतं.

भोरमध्ये आणि महामार्गावरच्या गावांत काही दुकानं पिशवीवर छापलेल्या किमतीपेक्षा एक-दोन रुपये जास्त घेतात, ‘थंड ठेवण्याचे’ म्हणून. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं बेकायदेशीर आहे, फ्रीज त्याचा असला तरी. रोज एक रुपया म्हणजे वर्षाला ३६५ रुपये, सहा लिटर दूध. आधी दुकानदाराशी नीट बोला, नाही ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. भेसळीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे १८००-२२२-३६५ वर करता येते.

रतिबाचं दूध पाण्याचं वाटत असेल तर भांडणाआधी त्याची फॅट लावून घ्या. गावच्या डेअरीत मशीन असतंच. महिन्यातून एकदा, न सांगता, आपल्या घरात आलेल्या दुधाची बाटली घेऊन जा. गायीच्या दुधाला फॅट ३.२ आणि एसएनएफ ८.३ च्या खाली लागली तर गवळ्याला आकडा दाखवून बोलता येतं. डेअरीही शेतकऱ्याला फॅट आणि एसएनएफ बघूनच पैसे देते. शेतकऱ्याला जे माप लागतं तेच गिऱ्हाईकानं मागितलं तर त्यात राग येण्यासारखं काही नाही.

कुणाला द्यायचं नाही

वर्षाच्या आतल्या बाळाला वरचं दूध पेय म्हणून देऊ नका. सहा महिने फक्त आईचं दूध, त्यानंतर मऊ भाताबरोबर चमचा-दोन चमचे ताजं दही चालतं. एक ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध नको. दुधात लोह जवळपास नसतं, दुधानंच पोट भरलं की पोर भाकरी-भाजी खात नाही आणि अंगात रक्त कमी होतं. ‘फक्त दूध पितो, दुसरं काही खात नाही’ असं कौतुकानं सांगितलं जातं, ती खरं तर डॉक्टरला दाखवायची गोष्ट आहे.

दूध प्यायल्यावर पोट फुगणं, जुलाब होणं असं असेल तर दही-ताकापासून सुरुवात करा, विरजणात दुधातली साखर काही प्रमाणात कमी होते. अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, शौचातून रक्त येणं अशी लक्षणं असतील तर सगळं थांबवून प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. अशा मुलांसाठी नाचणी, तीळ, राजगिरा, अंडी आणि डाळी आहेत. दुधावाचून वाढ होत नाही असं अजिबात नाही.

आणि एक गोष्ट गोठ्यावाल्या घरांसाठी, जी मला सगळ्यांत जास्त सांगायची आहे. गायीला दगडी झाली, कास सुजली, इंजेक्शनं दिली, की ते दूध डेअरी घेत नाही. मग ते घरात राहतं आणि नेमकं पोरांना दिलं जातं, फुकट गेलं असं नको म्हणून. तसं करू नका. औषधाचा अंश त्या दुधात काही दिवस उतरतो आणि उकळून तो जाईलच असं नाही. जनावरांच्या डॉक्टरांना विचारा की किती दिवस दूध वापरायचं नाही, तेवढे दिवस पोरांना शेजारच्या घरातलं दूध आणा. निरोगी जनावराचंही दूध उकळल्याशिवाय देऊ नका, धारोष्ण दुधाचं कितीही कौतुक असलं तरी. त्यातून क्षय आणि ब्रुसेलोसिससारखे आजार येतात.

पावसाळ्याची बेगमी

केळद, पासलीसारख्या टोकाच्या गावांत जुलै-ऑगस्टमध्ये दरड आली, एसटी बंद झाली की पिशवीचं दूध येत नाही आणि घरात दुभतं जनावर नसेल तर खाऊतून दूध गायब होतं. जूनच्या बाजारात तांदूळ-मीठ भरताना साय काढलेल्या दुधाची पावडरही भरून ठेवा. चहासाठी विकली जाणारी डेअरी व्हाइटनर वेगळी, तिच्यात साखर मिसळलेली असते. नाव वाचून घ्या. १५ ग्रॅम पावडर उकळून कोमट केलेल्या पाण्यात कालवली की वाटीभर दूध होतं, त्याचं दहीही लागतं. पावडर ४०० रुपये किलोनं मिळाली तर वाटी सहा रुपयांना पडते, विकतच्या दुधापेक्षा स्वस्त. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला मात्र या दुधावर ठेवू नका, त्याला सायीसकट दूध लागतं. दोन मुलं आणि रस्ता बंद असण्याचे वीस दिवस धरले तर ६०० ग्रॅम पावडर पुरते, २४० रुपयांची. झाकणाचा घट्ट डबा, कोरडा चमचा, आणि डबा चुलीपासून लांब, फळीवर.